बी.आर्क. (वास्तुकलेची पदवी) झालंय, आता वस्त्यांवर संशोधन करायचंय: सुरुवात कुठून?

ओटा_नागपूर: दोन वर्षं ऑफिसात वर्किंग ड्रॉइंग्ज काढतोय. अनौपचारिक वस्त्यांवर (झोपडपट्ट्यांवर) अभ्यास करायचाय. आधी मास्टर्स की आधी फील्ड? नागपुरातच काही करता येईल का?

पाणसळ: आधी एक वस्ती नीट मोजा. ४०-५० घरं पुरे. दाराला नंबर द्या, पण कुटुंबं दारांवरून मोजू नका, चुलीवरून मोजा. एका दारामागे भाडेकरू धरून तीन चुली असतात, आणि इथेच पहिला गोंधळ होतो. प्लॅन १:१०० ला, पोटमाळा वेगळा दाखवा. गल्लीची रुंदी तीन ठिकाणी घ्या, ओटे आणि पायऱ्या तिला खातात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जोत्याची (घराच्या पायाच्या वरच्या पातळीची) उंची. सिमेंट रस्ता थरावर थर चढत जातो, घर खाली राहतं आणि पावसाचं पाणी उंबरठा ओलांडतं. रस्ता आणि जोतं यातला फरक पाणी भरलेल्या पारदर्शक लेव्हल पाइपने मोजा. पाइपात हवेचा बुडबुडा राहिला तर रीडिंग खोटं. आणि राजेहो, मे महिन्यात दुपारी जाऊ नका. सकाळी मोजा, संध्याकाळी बोला, कामावरची माणसं तेव्हाच भेटतात.

सातबारा_वाचक: नकाशा म्हणजे निम्मंच काम. जमीन कोणाची हे आधी काढा: नझूल (शहरातली सरकारी जमीन), मनपा, नागपूर सुधार प्रन्यास, रेल्वे, खासगी की झुडपी जंगल (महसूल नोंदीत असं लिहिलेली खुरट्या झुडपांची जमीन). सिटी सर्व्हेतून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा, नाहीतर सातबारा. एकाच वस्तीत दोन-तीन मालक निघतात, त्यामुळे एका गल्लीला पट्टा (जागेच्या हक्काचा कागद) मिळतो आणि शेजारची गल्ली लटकते. झुडपी जंगल ही वनजमीनच आहे असं सुप्रीम कोर्टाने २२ मे २०२५ ला ठरवलं. तिथली फाइल वेगळ्या वाटेने जाते. वस्ती झोपडपट्टी म्हणून घोषित आहे की अघोषित तेही बघा, १९७१ चा झोपडपट्टी कायदा त्यावरून लागू होतो.

टेप काढली की पहिला प्रश्न येणार, 'पट्टे देता का?' नाही म्हणून सरळ सांगा. मोघम उत्तर दिलं तर आठवडाभरात अख्खी वस्ती कागदपत्रं घेऊन तुमच्यामागे लागेल.

गल्ली_क्र_७: वरच्या दोघांत एक भर. नावं आणि नकाशा एकाच फाइलमध्ये ठेवू नका. दाराच्या नंबराशी भाडेकरूचं नाव जोडलेला नकाशा चुकीच्या हाती गेला, की तीच पाडापाडीची यादी. फॉर्मसाठी कोबो टूलबॉक्स (नेट नसलं तरी चालतं), नकाशासाठी क्यूजीआयएस सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट.

मास्टर्सचं: नागपुरातच व्हीएनआयटीत नगर नियोजन आहे, त्यासाठी गेट (प्रवेश परीक्षा) द्या. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात गृहनिर्माण, मुंबईच्या टिसमध्ये (टाटा समाजविज्ञान संस्था) नागरी धोरण. टिसकडे वळायचं तर लिहिण्याचा सराव हवा, बी.आर्क.मध्ये तो होतच नाही. त्या ४० घरांवर दोन पानी मराठी टिपण लिहा आणि आधी वस्तीतच वाचून दाखवा. चुका तिथले लोक लगेच काढतात, गाइडला त्या दिसतही नाहीत.

ओटा_नागपूर: लेव्हल पाइप किती लांब घ्यावा?

पाणसळ: १० मीटर. गल्ली वळली तर मधे खूण करून पुढे सरका.