कोळंबीच्या टरफलांपासून जखमेची पट्टी: आम्ल-कॉस्टिक की आंबवण?

मिरकरवाडी:
रक्तस्राव थांबवणाऱ्या काही पट्ट्या कायटोसानच्या असतात. कोळंबीच्या टरफलात कायटिन नावाचा चिवट पदार्थ असतो, त्यापासून कायटोसान करतात. कायटोसानवर धन प्रभार, तांबड्या पेशींवर ऋण. म्हणून पेशी त्याला चिकटतात. अमेरिकेत अशा पट्टीला २००२ साली मान्यता मिळाली. पण ते काढायची रीत बघा. टरफलातला चुना हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायचा, प्रथिनं कॉस्टिक सोड्यात काढायची आणि दर वेळी भरपूर पाण्यानं धुवायचं. ते पाणी तसंच सोडलं तर खाडीतला प्राणवायू खाऊन टाकतं. हे दोन टप्पे लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जीवाणूंकडे द्यावेत, म्हणजे टरफलं आंबवावीत. त्यांना साखर कारखान्याची मळी चालते, आणि सुटलेली प्रथिनं पशुखाद्यात वापरता येतात.

गुणवत्ता_विभाग:
माझा विरोध आहे. हा माल उघड्या जखमेत जाणार. आंबवलेल्या टरफलात चुना आणि प्रथिनं उरतात, तीही प्रत्येक लॉटला वेगळी. कोळंबीची ॲलर्जी प्रथिनांमुळेच होते. शिवाय जीवाणू आले की एंडोटॉक्सिनची, म्हणजे ताप आणणाऱ्या जीवाणूजन्य विषाची भीती. ते ऋणप्रभारी, कायटोसानला एकदा चिकटलं की काढणं फार जिकिरीचं.

मिरकरवाडी:
पेशीभित्तीवरून जीवाणूंचे दोन गट पडतात, ग्रॅम पॉझिटिव्ह आणि ग्रॅम निगेटिव्ह. एंडोटॉक्सिन असतं ग्रॅम निगेटिव्ह जीवाणूंच्या भिंतीत. लॅक्टिक जीवाणू ग्रॅम पॉझिटिव्ह! खरा धोका उन्हात कुजत पडलेल्या टरफलांचा आणि धुण्याच्या पाण्याचा. आंबवल्यानं कुजणं उलट थांबतं.

रसायनी:
तुम्ही दोघंही तिसरा टप्पा विसरताय. कायटिनचं कायटोसान करायला ४० ते ५० टक्के कॉस्टिक लागतं, तेही १०० अंशांच्या आसपास तापवून. हे काम करणारी विकरं (एन्झाइम) आहेत, पण कायटिनच्या घट्ट स्फटिकी रचनेत ती नीट शिरतच नाहीत. तो टप्पा तसाच ठेवून मालावर ‘पर्यावरणपूरक’ छापणं मला पटत नाही. आधी ते कॉस्टिक पुन्हा वापरायची सोय करा.

पावसाळी_अळंबी:
बुरशीच्या पेशीभित्तीतूनही कायटोसान मिळतं. तिथे कोळंबीच्या ॲलर्जीचा प्रश्नच नाही.

गुणवत्ता_विभाग:
@रसायनी, वापरलेल्या कॉस्टिकात सोडियम ॲसिटेट आणि प्रथिनं साठत जातात. त्यानं क्रिया अर्धवट राहिली तर माल सौम्य ॲसेटिक आम्लातही विरघळत नाही, मग त्याची पट्टी कसली करणार? राख (म्हणजे उरलेला चुना), प्रथिनं, एंडोटॉक्सिन या चाचण्या प्रत्येक लॉटला पास करून दाखवा. मग आंबवा नाहीतर उकळा, मी सही करेन.

मिरकरवाडी:
चाचण्या मान्य. पण त्याच कागदावर दर किलो कायटोसानमागे किती पाणी, किती कॉस्टिक लागलं आणि बाहेर काय सोडलं, हेही लिहा. रुग्णाची काळजी हवीच, पण खाडीवर जगणाऱ्यांनाही त्या कागदात जागा हवी.