जेरेमाया स्मिथले टेक्सासविरुद्ध एकच कॅच, तरी फायनलात बॉल त्यालेच काऊन?

अडाणकाठ:
राम राम मंडळी. गाव दारव्हा तालुक्यात. पुतण्या अमेरिकेत कोलंबसले शिकते, त्याच्यामुळे मले तिथल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉलचा नाद लागला (बॉल हातात घेऊन पळतेत ते). त्यांचा बॉल झेलणारा, चार नंबरचा स्मिथ, २००५ चा जन्म. पहिल्याच वर्षी ७६ कॅच, १३१५ यार्ड, १५ टचडाऊन (बॉल शेवटच्या रेषेपलीकडं नेला की सहा गुण)! पण टेक्सास विद्यापीठासोबतच्या सेमीफायनलात एक कॅच, तीन यार्ड. मंग नोत्र दाम विद्यापीठासोबतची फायनल. इकडं २१ जानेवारी २०२५ ची सकाळ, मी गव्हाच्या ओलितावर, मोबाईल धुऱ्यावर. ३१-२३ नं ओहायो पुढं, थर्ड अँड इलेव्हन (चारपैकी तिसरा डाव, अजून अकरा यार्ड काढाचे), तीन मिनिटंही उरले नव्हते. अन् ओहायोच्या बॉल फेकणाऱ्या विल हॉवर्डनं लांब फेकला तो स्मिथलेच. ५६ यार्ड! पळून टाइम काढाचा सोडून एवढी जोखीम काऊन घेतली?

पीटी_आर्वी:
भाऊ, पळून अकरा यार्ड निघाले नसते तर पंट (लाथ मारून बॉल समोरच्या संघाकडे लांब देणं) करावा लागला असता. मग नोत्र दामकडे बॉल, आणि आठ गुणांचीच तूट. टचडाऊन अन् वरचे दोन घेतले की बरोबरी. म्हणजे जोखीम तिकडेही होतीच.

आता टेक्सासचं. त्यांनी स्मिथवर एकाच्या जागी दोन माणसं घातली. आमच्या कबड्डीत एका चढाईवाल्यासाठी दोन्ही कोपरे आत ओढले जातात, तसंच. त्याच मॅचमध्ये ओहायोचाच ट्रेव्हेऑन हेंडरसन छोटा पास घेऊन ७५ यार्ड पळाला होता. त्यामुळे त्या दिवशी स्मिथ फेल गेला असं मी तरी म्हणणार नाही.

फायनलात नोत्र दामनं हॉवर्डच्या अंगावर माणसं सोडली, मागं कोणी ठेवलंच नाही. स्मिथसमोर एकटा ख्रिश्चन ग्रे. एवढी मोकळी जागा अशा पोराला दिली की बॉल तिकडेच जाणार. तो कॅच पुन्हा पाहाल तेव्हा बॉल सोडून त्याचे पाय आणि खांदे बघा. चांगला रिसीव्हर (बॉल झेलणारा) हात उशिरा काढतो. आधी काढले की पाठीमागच्याला कळतं बॉल आला, तो वळतो अन् थापड मारतो. मी पोरांना व्हॉलीबॉल हवेत टाकून हेच शिकवतो, हात शेवटी काढा म्हणून. लय अवघड जातं त्यांना, डोळे आणि हात सोबतच उठतात.

कापूस_४४४:
सर, कॉलेजच्या नियमात बॉल हवेत जाईपर्यंत समोरच्याला धक्का देता येतो ना? एनएफएलमध्ये (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) पाच यार्डांनंतर बंद.

पीटी_आर्वी:
हो, म्हणून तर कॉलेजात सुटणं कठीण. उलट सोय एवढीच की कॅच घेताना एक पाय रेषेच्या आत पडला तरी चालतो. एनएफएलमध्ये दोन्ही लागतात.

अडाणकाठ:
समजलं सर. त्या कॅचनंतर फील्ड गोल (लाथेनं बॉल खांबांमधून, तीन गुण) मारून ३४-२३ केलं, तेव्हा मी मोटर बंद कराले पळालो, वाफा फुटला होता. पोरगं एनएफएलले कधी जाईन?

कापूस_४४४:
शाळा सुटून तीन वर्षं व्हावी लागतात. हा २०२४ ला कॉलेजात आला, म्हणजे २०२७ च्या ड्राफ्टच्या (एनएफएलचे संघ नवीन पोरं निवडतात त्या) आधी नाही.

अडाणकाठ:
मंग पुतण्याले सांगतो, तोवर एकदा तरी स्टेडियमात जाऊन पाहून घे त्याले.