‘बिटर्स’, ‘डॅश’ यांना मराठीत काय लिहावं?

टिळकवाडीकर :
माझे काका मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. जन्मभर कँटीनची रम. आता त्यांच्या मुलानं बंगळूरहून अंगोस्तुरा बिटर्सची बाटली आणून दिलीय, जिनमध्ये घालून बघा म्हणून. बाटलीला तिच्यापेक्षा मोठा कागद गुंडाळलेला, वर मुंगीएवढी अक्षरं. काकांनी वास घेतला आणि म्हणाले, “हे खोकल्याचं औषध आणूलालास काय रे? मराठीत लिहून दे, कपाटाला चिकटवतो.” काकू बैलहोंगलच्या, त्यामुळं घरात निम्मं कन्नडच.
कृती एवढीशी आहे. गार जिन ६० मिली, बिटर्सचे दोन-तीन डॅश, ग्लास फिरवायचा. लिहायला बसलो आणि पहिल्याच शब्दाला अडलो. ‘कडू’ लिहिलं तर काका कारल्याचा रस ओततील.

खानापूरकर :
अर्क म्हणा की! मुळं-साली दारूत मुरवून काढलेला तो अर्कच. आणि नुसता नावाला नाही, त्यात अल्कोहोल ४४.७ टक्के असतं. आपल्याकडची जिन ४२.८ टक्क्यांची, म्हणजे थेंबाथेंबानं घालायची वस्तू जिनपेक्षा कडक.

टिळकवाडीकर :
अर्क चालला असता, पण आमच्या घरात अर्क म्हणजे धाकटा चुलतभाऊ. ‘बेटा पक्का अर्क आहे’ हे काकांचंच वाक्य.

शहापूरची काष्ठौषधीवाली :
माझं दुकान झाडपाल्याचं, म्हणून बोलते. त्या बाटलीवर ‘जेंशियन’ असा शब्द सापडेल. कडूपणा त्या मुळाचा. आता गंमत बघा, आपलं काडेचिराईत त्याच कुळातलं. लहानपणी ताप येऊन गेला की आई रात्री काड्या पितळी वाटीत भिजत घालायची. सकाळी पाणी दिसायला फिकट, चहाच्या दुसऱ्या पाण्यासारखं. जिभेला लागलं की मात्र कानशिलापर्यंत कडू. कारल्याचा कडूपणा येतो आणि जातो, हा मुक्कामाला राहतो. बिटर्स हा दुसऱ्या जातीचा कडू. काकांना ‘काडेचिराईताच्या भावकीतलं’ एवढं सांगा, चटकन कळेल. (अंगणात उगवणारं ओलं किराईत वेगळं हं, ते अडुळशाच्या कुळातलं. गिऱ्हाइकं रोज घोळ घालतात.)
काकांचा औषधाचा अंदाजही चुकलेला नाही. योहान सिगर्ट नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८२४ साली हे बनवलं ते दक्षिण अमेरिकेत स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या सिमोन बोलिवारच्या फौजेतल्या सैनिकांच्या पोटासाठी. अंगोस्तुरा हे व्हेनेझुएलातल्या गावाचं जुनं नाव. ओरिनोको नदी तिथं आवळून अरुंद होते म्हणून ते नाव. त्याच नावाची साल असते, पण ती या बाटलीत नाही.

खानापूरकर :
फौजी औषध फौजीकडंच आलं म्हणायचं. शब्द माझ्या मते ‘बिटर्स’च ठेवा. टिंक्चरला आपण कुठं दुसरं नाव शोधलं?
डॅशला ‘झटका’ लिहा. बाटली उलटी करून एकदा झटकली की पडतो तो. साधारण एक मिलीच्या आत. ‘थेंब’ लिहिलंत तर कमी पडेल, ‘शिंतोडा’ म्हटलं तर अंगावर उडाल्यासारखं वाटतं.

निपाणीकर :
या पेयाला पिंक जिन म्हणतात, पण काकांना ‘गुलाबी जिन’ लिहून देऊ नका. हल्ली दुकानात त्या नावानं स्ट्रॉबेरीची गोड जिन मिळते. शिवाय याचा रंग तांबूस, फार तर गव्हाळ.
जिन या शब्दाचं मूळ ज्युनिपर नावाच्या झुडपाच्या फळात. संस्कृतात ते हपुषा, त्या नावाची गोव्यात बनलेली जिनही आहे.

चंदगडची माहेरवाशीण :
‘ग्लास फिरवायचा’ यावर तुम्ही कुणीच थांबला नाहीत! खरी पद्धत अशी की आधी रिकाम्या ग्लासात बिटर्स घालायचं, ग्लास आडवा धरून आतून सगळीकडं लागेल असा फिरवायचा, मग जिन. जुने बारवाले विचारायचे, आत ठेवू की बाहेर? म्हणजे उरलेलं बिटर्स राहू दे की ओतून टाकू. याला शब्द आहे, आणि तो रोज आपल्या मोरीत असतो : विसळणे. आमटीचं पातेलं विसळून ते पाणी परत आमटीत घालतो ती विसळवणी, आणि चहाचा कप विसळून पाणी फेकतो तेही विसळणंच. आत आणि बाहेर दोन्ही एकाच क्रियापदात बसतं, फक्त पुढं ‘घेणे’ की ‘टाकणे’ ते बघा. घोळवणे नको, त्यात पिठात घोळवलेला पुरणाचा उंडा डोळ्यांपुढं येतो.

टिळकवाडीकर :
वहिनी, जिंकलात. चिठ्ठी अशी लिहिली :
“बिटर्सचे तीन झटके. ग्लास विसळून घ्या, टाकू नका. फ्रीजमधली जिन दोन पेग. बर्फ नको.”
काकांनी पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं, दुसऱ्याला काही बोलले नाहीत, तिसऱ्याला म्हणाले, “काड्यांचंच पाणी की रे!” चिठ्ठी कपाटाला लागली.
आज बघतो तर काकूंनी ‘झटके’ खोडलेत. सत्तरीतल्या माणसाच्या दारूच्या कपाटावर झटका कशाला लिहायचा, असं त्यांचं म्हणणं. वर कन्नड अक्षरात ‘हनि’ लिहिलंय, म्हणजे थेंब. नातू ते वाचून विचारतोय, यात मध किती घालायचा?