बडोद्याचा पूर आणि आपली सोसायटी: तुम्ही काय केलंत?

ऑगस्ट 2024 मध्ये काळ्या घोड्याच्या पुलापाशी विश्वामित्री नदी 35 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 26. त्यानंतर तुमच्या सोसायटीत, पोळात, वाड्यात काय बदललं ते लिहा. राग सगळ्यांकडे आहे. तो नको, केलेलं सांगा.

समा, तळमजला
2019 ला एका दिवसात जवळपास 500 मिमी पाऊस पडला, तेव्हा पाणी जिन्याच्या दुसऱ्या पायरीशी थांबलं होतं. त्या हिशोबाने 2024 ला फ्रिज पाटावर चढवला आणि झोपलो. पहाटे पाट तरंगत होता, फ्रिज आडवा. चूक कुठे झाली ते मग कळलं: 2019 ला आमच्याकडे आलेलं पाणी बहुतेक डोक्यावरच्या पावसाचं असावं, हे नदीचं. पाऊस थांबल्यावरही चढत राहिलं. आता जिन्याच्या भिंतीवर ऑइलपेंटच्या दोन रेघा आहेत, आणि एक वही. आजवा (ज्याचं पाणी नदीत येतं तो तलाव) किती भरला, काळ्या घोड्याला किती फूट, तेव्हा आमच्या गेटात किती पाणी, एवढंच तीत लिहितो. सेक्रेटरीकाका हसायचे. गेल्या पावसाळ्यात रात्री दीडला त्यांचाच फोन, "वही बघ रे, आजवा काय म्हणतोय?"

दांडिया बाजार
आमच्याकडे पाणी आलं नाही, भांडण आलं. 7 सप्टेंबरला गणपती बसायचे, वर्गणी जमलेली. रोषणाई की मदत? तरुण पोरांनी रोषणाई अर्ध्यावर आणली आणि उरलेल्यातून तराफा, जाड दोर, हवा भरायच्या चार ट्यूब घेतल्या. तराफा सध्या गच्चीत आहे. वहिनी त्यावर पापड वाळवतात.

निझामपुरा, निवृत्त
आम्ही पाच म्हाताऱ्यांनी भूखी कांस (आमच्याकडचा पावसाच्या पाण्याचा नाला) पायी पाहिली. चार रविवार, शेवटी सेव उसळ (तीच खरी लाच). कुठे स्लॅब टाकलाय, कुठे कंपाउंडची भिंत आत सरकलीय, कुठे गाळ गुडघाभर, सगळं वहीच्या पानावर काढलं. अर्ज घेऊन महापालिकेत गेलो तर साहेब म्हणाले, नकाशा आमच्याकडे आहे. आमचा पाहिल्यावर झेरॉक्स मागितली. दोन ठिकाणचा गाळ निघाला. भिंत आहे तिथेच आहे. नदीसाठी बडोद्याचे लोक हरित लवादापर्यंत गेले, 2021 ला निकाल आणला. आम्हाला एक भिंत हलवता येईना.

कारेलीबाग
पाणी ओसरलं आणि पार्किंगमध्ये मगर. आमच्या कोणाच्याच अंगात धाडस नव्हतं, हे आधीच कबूल करते. तेव्हापासून वनखात्याचा आणि मगर पकडणाऱ्या स्वयंसेवकांचा नंबर लिफ्टमध्ये चिकटवलाय. पुराच्या दिवसांत रात्री टॉर्चशिवाय खाली जायचं नाही.

अकोटा
वरच्या काकांना खुर्चीसकट उचलावं लागलं, दोघंच होतो, कंबर अजून दुखते. आता कोणाला जिना चढवत नाही, कोणाचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं, याची यादी वॉचमनकडे असते. जूनमध्ये नवी करतो. या वर्षी तीत माझ्या आईचं नाव आलं.