'डिपेंडन्सी'ला अवलंबित्व म्हणायचं का?

तुटका कळफलक: डेबियन या लिनक्स प्रणालीच्या पॅकेज व्यवस्थापकाचा (प्रोग्रॅम बसवणारं साधन) मराठी अनुवाद करतोय. एका पॅकेजला दुसरं लागतंच, असलेलं बरं, किंवा असलं तर चालेल, अशी 'डिपेंड्स', 'रेकमेंड्स', 'सजेस्ट्स' ही तीन नाती आहेत. पहिल्याला 'अवलंबित्व' लिहिलं, तर तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, ती अवस्था झाली, वस्तू नाही. 'तीन अवलंबित्वे बसवली जातील' हे मलाही खटकतंय. काय लिहावं?

नाना_६२: 'अवलंबित' तर मुळीच नको. पेन्शनच्या कागदांत अवलंबित म्हणजे आपल्या जिवावर जगणारा. इथे दिशाच उलटी.

रानजाई: 'मदार' घ्या की! मूळ अरबी, ज्याभोवती फिरायचं तो आस. 'या पॅकेजची मदार लिबसी लायब्ररीवर.' झकास बसतं.

शुद्धमती: अरबी कशाला? 'आधार' आहे ना.

रानजाई: आधार म्हटलं की लोक कार्ड काढतात.

रात्रपाळी: शब्द कुठलाही घ्या, पण मदार कशावर ते बघा. आरपीएममध्ये, म्हणजे फेडोरासारख्या लिनक्सच्या पॅकेज पद्धतीत, थेट फाइलचा पत्ता मागता येतो. ती कुठल्या पॅकेजात आहे ते यंत्र हुडकतं. फाइल बिन किंवा ईटीसी या फोल्डरांबाहेरची असली, तर सगळ्या फाइलींची यादी उतरवावी लागते. ती इतकी जड, की फेडोरा ४० पासून तिथलं बसवणारं साधन डीएनएफ ती आपणहून आणत नाही. डेबियनमध्ये फाइल मागताच येत नाही. पॅकेजचं नाव द्या, नाहीतर 'मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट'सारखं नाममात्र पॅकेज मागा. मेल पोचवणारा प्रोग्रॅम एक्झिम असो वा पोस्टफिक्स, दोघंही त्या नावाला ओ देतात.

आणि सेवांचं, म्हणजे मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमांचं, त्याहून त्रांगडं. त्या सुरू करणाऱ्या सिस्टमडीत 'रिक्वायर्स' लिहिलं म्हणून डेटाबेस आधी सुरू होत नाही, 'आफ्टर' वेगळं लिहावं लागतं. आमच्याकडे एकाने ते गाळलं. दोन्ही सेवा एकदम उठल्या, डेटाबेस डोळे चोळतोय तोवर अ‍ॅप आपटलं. 'हवा' आणि 'आधी हवा' याला एकच शब्द कसा पुरेल?

शुद्धमती: 'पूर्वापेक्षित'.

रात्रपाळी: बटणावर मावेल का ते बघा आधी.

नाना_६२: 'रेकमेंड्स'चं काय केलंत?

तुटका कळफलक: 'शिफारस'. पण डेबियनचं बसवणारं साधन अ‍ॅप्ट शिफारस केलेली पॅकेजंही मूळ सेटिंगमध्ये आपसूक बसवतं, म्हणून शंका आहे.

नाना_६२: मग अचूक आहे. आमच्या तालुक्यात साहेबांची शिफारस आली की माणूस आपसूकच बसतो.

शुद्धमती: शिफारस फारसी. 'अनुशंसा' म्हणा.

रानजाई: ती तर हिंदी सरकारी फायलीतून आली! शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश होऊनही हुकूम आणि तारीख टिकले, शिफारशीनेच काय घोडं मारलंय?

तुटका कळफलक: मंडळी, फाइल आज द्यायची आहे. तूर्त 'लागणारी पॅकेजेस' लिहितो.

शुद्धमती: 'पॅकेजेस' हे इंग्रजी अनेकवचन झालं. 'पॅकेजं' लिहा.

नाना_६२: छापील मजकुरात अनुस्वार? 'पॅकेजे' हवं.