मदत हवी आहे: आयपीएने धुतल्यावर पीसीबीवर पांढरा थर उरतोय

भोसरीचा गाळेवाला:
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत छोटा गाळा आहे, पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) असेंब्लीचं जॉबवर्क करतो. सोल्डरिंग झालं की आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) ट्रेमध्ये ओतून ब्रशने फ्लक्स (सोल्डर नीट धरावा म्हणून वापरलेलं रसायन) काढतो. माल 99 टक्क्यांचा, 35 लिटरच्या कॅनमध्ये येतो. पावसाळा लागल्यापासून बोर्ड वाळला की आयसीच्या पायांभोवती पांढरट थर दिसतो. गिऱ्हाईकाने एक लॉट परत केला.

माल भेसळीचा असेल का? दुसरं, वापरून पिवळा झालेला आयपीए हॉटप्लेटवर तापवून, वाफ थंड करून परत वापरता येईल का? शेजारचे काका म्हणतात, मीठ टाका, पाणी आपोआप खाली बसेल. आणि टेबलावरच्या मुलींची संध्याकाळपर्यंत डोकी दुखतात. छताचा पंखा आहे, एक्झॉस्ट नाही.

निवृत्त केमिस्ट:
पुरवठादाराला शिव्या घालण्याआधी ट्रेकडे बघा. सकाळी ओतलेला आयपीए दुपारपर्यंत रोझिनचं (फ्लक्समधल्या राळेचं) पातळ द्रावण झालेला असतो. त्यात धुतलेला बोर्ड वाळला की अल्कोहोल उडतं, रोझिन तिथेच राहतं. शिवाय आयपीए हवेतली ओल ओढतो, आणि उडताना बोर्ड इतका गार करतो की जुलैतल्या दमट हवेत त्यावर दव धरतं. पांढरं दिसायला तेवढं पुरे.

दोन ट्रे ठेवा. पहिल्यात घासा, दुसऱ्यात ताज्या आयपीएने खळबळा, लगेच कोमट हवेने वाळवा. कॅनचं झाकण काम झालं की लगेच लावा. भेसळीची शंका फिटत नसेल तर बंद कॅनमधला माल हायड्रोमीटरने (घनता मोजायच्या नळीने) बघा. शुद्ध आयपीएची घनता 20 अंशांना 0.785 च्या आसपास असते, पाणी असेल तर आकडा चढतो.

फ्लक्स कुठला वापरता? नो-क्लीन (धुवावा न लागणारा) असेल तर तो अर्धवट धुतल्यानेच पांढरा पडतो. एक तर नीट धुवा, नाही तर हातच लावू नका.

सेफ्टीवाला, चाकण:
हॉटप्लेटचं डोक्यातून काढा, कृपा करून! आयपीएचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते ते) साधारण 12 अंश आहे. म्हणजे पुण्यात बारा महिने, थंडीतल्या पहाटा सोडल्या तर, उघड्या ट्रेवर पेट घेईल इतकी वाफ असतेच. हवेत 2 टक्के वाफ झाली की ठिणगी पुरते. जुन्या, अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये पेरॉक्साइडही (स्फोटक संयुगं) तयार होतात. असा माल आटवत तळापर्यंत नेला तर स्फोट होऊ शकतो.

एवढं करून हाती काय येणार? आयपीए आणि पाणी एकत्र उकळतात, साध्या ऊर्ध्वपातनाने वजनी 88 टक्क्यांच्या वर जात नाही. काकांच्या मिठाने पाणी वेगळं होतं हे खरं, पण सगळं नाही. शिवाय थोडं मीठ आयपीएत उरतं, बोर्डावर जातं आणि सहा महिन्यांनी तांबं हिरवं होतं. काकांना नमस्कार सांगा.

डोकेदुखी वाफेचीच असणार. ही वाफ हवेच्या दुपटीने जड, टेबलावरून घरंगळत जमिनीलगत साचते. छताचा पंखा ती फक्त ढवळतो. ओढ टेबलाच्या पातळीवर, मुलींच्या चेहऱ्यापासून दूर जाणारी हवी. हातात नायट्राइल मोजे द्या. सोल्डरिंग आयर्न त्या टेबलावर नको. मोठ्या कॅनमधून ओतायचं तर धातूच्या भांड्यात, दोन्ही धातूची असतील तर अर्थिंगने जोडून. जवळ डीसीपीचा (आग विझवायच्या कोरड्या पावडरचा) सिलिंडर ठेवा. साधा फोम अल्कोहोलवर टिकत नाही. पिवळा माल गटारात ओतू नका, 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं सॉल्व्हंट घातक कचराच आहे. रांजणगावला असा कचरा घेऊन विल्हेवाट लावायची सामायिक सोय आहे.

भोसरीचा गाळेवाला:
धन्यवाद. फ्लक्स रोझिनचाच आहे. दुसरा ट्रे लावल्यावर थर दिसेनासा झाला. एक्झॉस्टवाल्याला विचारलं तर फ्लेमप्रूफ (आतली ठिणगी बाहेरची वाफ पेटवणार नाही अशा) मोटरचा भाव ऐकून घाम फुटला. साधी मोटर चालेल का?

सेफ्टीवाला, चाकण:
वाफेच्या वाटेत साधी मोटर अजिबात नको. पट्ट्यावर चालणारा ब्लोअर घ्या, मोटर डक्टच्या बाहेर, वाफ येणार नाही अशा जागी बसवा आणि पंख्याची पाती ठिणगी न पडणारी मागा. स्विचही भिंतीपलीकडे. यात भाव बराच उतरतो.