विषय: ग्रँड केमनला स्टिंगरे आणि स्नॉर्कलिंग, सगळ्यांनी एकाच बोटीत जावं का?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही घरचे सगळे क्रूझला निघालोय. सासू-सासरे, आम्ही दोघं, अकरा वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी. वाटेत एक दिवस जहाज कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटाला थांबणार आहे आणि मुलाने आतापासूनच स्टिंगरेचा (शेपटीवर काटा असलेला चपटा मासा) धोशा लावलाय.

क्रूझच्या यादीत तीन प्रकार दिसतात. एकात फक्त स्टिंगरेंचा सँडबार, म्हणजे समुद्रातला उथळ वाळूचा पट्टा. दुसऱ्यात सँडबार आणि दोन ठिकाणी स्नॉर्कलिंग (मास्क लावून, नळीतून श्वास घेत पाण्यात बघणं). तिसऱ्यात सँडबार, एकाच ठिकाणी स्नॉर्कलिंग आणि शेवटी स्टारफिश पॉइंट. शिवाय बाहेरचे बोटवालेही बरेच आहेत.

सासऱ्यांची बायपास झाली आहे, पण पाण्यात उतरायची त्यांना फार हौस. सासूबाईंना पोहता येत नाही. मुलगा पूलमध्ये छान पोहतो, समुद्रात अजून उतरलेला नाही, आणि त्याला चष्मा आहे. धाकटीला पाण्याची अजिबात भीती नाही, त्याचीच मला काळजी वाटते. सगळ्यांनी मिळून जावं आणि जास्तीत जास्त बघावं म्हणून दुसरा प्रकार घ्यावा असं वाटतंय. पण टीव्हीवर प्राणी दाखवणाऱ्या स्टीव्ह अर्विनचं स्टिंगरेमुळे काय झालं ते आठवलं की पोटात गोळा येतो. जाणकारांनी सांगावं.

एक काळजीत पडलेली आई

---

वहिनी,

माझं मत एवढंच, की पहिल्यांदा जाताय आणि बरोबर म्हातारी माणसं आणि लहान मूल आहे, तर जहाजाकडूनच बुक करा. केमनला क्रूझ जहाजाला धक्का नाही. जहाज समुद्रात उभं राहतं आणि छोट्या टेंडर बोटींतून तुम्हाला जॉर्ज टाउनला उतरवतात. हिवाळ्यात वायव्येचा जोरदार वारा सुटला की टेंडर चालवणं अवघड होतं. मग कधी बेटाच्या दक्षिणेला स्पॉट्सला उतरवतात, तर कधी केमनचा थांबाच रद्द होतो. जहाजाची सहल असेल तर अशा वेळी पैसे परत मिळतात, आणि परतायला उशीर झाला तरी तुमच्यासाठी थांबायची जबाबदारी त्यांची असते. बाहेरच्या बोटवाल्याकडून घ्यायचीच असेल तर थांबा रद्द झाल्यास काय, हे आधी लेखी विचारा. आणि भाव कुठल्या डॉलरमध्ये सांगतोय तेही बघा. केमनचा स्वतःचा डॉलर आहे आणि तो अमेरिकन डॉलरपेक्षा महाग आहे, १ केमन डॉलर म्हणजे १.२० अमेरिकन डॉलर.

घड्याळाचंही सांभाळा. केमनला वर्षभर एकच वेळ असते, उन्हाळ्या-हिवाळ्यात काटे फिरवत नाहीत. जहाज मात्र स्वतःची वेळ धरून चालतं. टेक्ससकडून निघणाऱ्या जहाजाचा थंडीत तासाभराचा फरक पडू शकतो. फोन आपोआप तिथली वेळ दाखवायला लागतो आणि घोटाळा होतो. एकाच्या तरी मनगटावर जहाजाची वेळ लावलेलं साधं घड्याळ असू द्या.

तुमचा भाऊच समजा

---

ताई, नमस्कार.

माझा थोडा वेगळा प्रश्न आहे, राग मानू नका. स्टिंगरे हा मुळात रात्री आणि एकटा फिरणारा प्राणी. केमनमध्ये अभ्यास करणाऱ्यांना आढळलं, की सँडबारवरचे स्टिंगरे आता दिवसा, घोळक्याने वावरतात, कारण तिथे रोज माणसं येऊन खायला घालतात. आपण सगळे जातो म्हणून हे चालू राहतं. मुलांना प्राणी दाखवायचे तर अशा ठिकाणी न्यावं का, याचा आधी विचार व्हावा असं मला मनापासून वाटतं.

मंडळातला सागरी जीवशास्त्राचा विद्यार्थी

---

ताई, आणि बाळा तूही,

दोघांच्याही प्रश्नांना सविस्तर उत्तर देतो. मी मुलांना पोहायला शिकवतो, त्यामुळे माझी नजर आधी पाण्यात कोण आहे तिकडे जाते.

आधी अर्विन. २००६ साली ऑस्ट्रेलियात तो चित्रीकरणासाठी एका मोठ्या स्टिंगरेच्या (थोडक्यात ‘रे’च्या) जवळून पोहत होता आणि काटा थेट छातीत गेला. तशी घटना फार विरळा. केमनला आहेत ते सदर्न स्टिंगरे, आपल्याकडच्या पाकटांचेच भाऊबंद. शेपटीवर काटा यांनाही असतो आणि तिथे तो कापलेला नसतो. पण तो शिकारीसाठी नाही, बचावासाठी आहे. माणसाला काटा बसतो तो बहुतेक वेळा वाळूत बसलेल्या रेवर पाय पडल्यामुळे. म्हणून सँडबारवर पाऊल उचलून टाकायचं नाही, वाळूवरून घासत सरकवायचं. रेला हालचाल कळते आणि तो आपणहून बाजूला होतो. उतरल्या उतरल्या धाकटीलाही हे शिकवा, पण तिला खाली ठेवू नका, त्याचं कारण पुढे येईल. चुकून काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवतात, कारण ते विष प्रथिनांचं असतं आणि उष्णतेने त्याचा जोर उतरतो. छातीत किंवा पोटात घुसलेला काटा मात्र कधीही उपसायचा नाही, तसंच डॉक्टरकडे न्यायचं.

जागेबद्दल. नॉर्थ साउंड हा बेटाने तीन बाजूंनी वेढलेला उथळ समुद्र आहे, उत्तरेला प्रवाळाची भिंत. पूर्वी कोळी या शांत पाण्यात येऊन मासे आणि शंख साफ करायचे आणि टाकाऊ भाग पाण्यात टाकायचे. इंजिनाचा आवाज आला की खायला मिळतं हे स्टिंगरे शिकले. १९८०च्या दशकात डायव्हर त्यांना हाताने भरवू लागले आणि पुढे त्याचं हे आजचं रूप झालं. ‘स्टिंगरे सिटी’ नावाने दोन जागा ओळखल्या जातात. एक साधारण १२ फूट खोल, ती डायव्हिंगची. दुसरी सँडबारची, तुम्हाला तिथे नेतील. तिथे मोठ्या माणसाला कंबरेच्या आसपास पाणी असतं, पण भोवती बोटींच्या लाटा असतात आणि पाच वर्षांच्या मुलीला तेवढंच पाणी नाकापर्यंत येतं. ती पूर्ण वेळ लाइफ जॅकेट घालून तुमच्या किंवा तिच्या बाबांच्या कडेवर. हा नियम बोटीत बसायच्या आधीच तिला सांगून ठेवा. माद्या नरांपेक्षा कितीतरी मोठ्या असतात आणि अंगाला घासत जातात. घाबरून मोठी माणसंही उड्या मारतात, आणि उडी मारून खाली आलेला पाय कुठे पडेल सांगता येत नाही.

भरवायला मिळालं तर तळहात सपाट, अंगठा आत दुमडलेला. रेचे डोळे वर आणि तोंड पोटाकडे, त्यामुळे तो काय खातोय ते त्याला दिसत नाही. वासावर येतो आणि ओढून घेतो. बाहेर राहिलेला अंगठाही त्याच ओढीत जातो. दात टोकदार नसतात, पण जबडा शिंपले फोडणारा आहे, चांगलाच चिमटा बसतो.

आता या बाळाचा मुद्दा. तो खरा आहे, आणि जायचं असेल तर त्यातूनच काही गोष्टी पाळायच्या ठरतात. केमनच्या कायद्याने स्टिंगरे संरक्षित आहेत आणि सँडबार हे नियम लावलेलं क्षेत्र आहे. रेला पाण्याबाहेर उचलायला बंदी आहे, काय भरवायचं तेही ठरलेलं आहे, उथळ पाण्यात पायात काही घालायचं नाही. तरी फोटोसाठी रेला पाण्याबाहेर काढणारा कोणी भेटला तर तुमच्या मुलाने स्पष्ट नाही म्हणावं. त्यांच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो त्यांचं जंतूंपासून रक्षण करतो. म्हणून हातांना सनस्क्रीन चोपडून त्यांना हात लावू नका. सगळ्यांना लांब बाह्यांचे रॅश गार्ड, म्हणजे पोहताना घालायचे घट्ट शर्ट, घ्या. ऊनही लागत नाही आणि पाण्यात तेलही जात नाही. माझ्या मते मुलांनी हे प्राणी बघावेत, पण त्यांना मिठी मारायला मिळणं हा आपला हक्क नाही, हे कळूनच. न जाण्याचा निर्णयही मी तितकाच योग्य मानेन.

आता तुमचा खरा प्रश्न, कुठला प्रकार. ताई, ‘जास्तीत जास्त काय बघायला मिळेल’ हे बाजूला ठेवा. प्रत्येक थांब्यावर पाण्यात कोण उतरणार नाही, आणि त्या वेळात ते माणूस कुठे आणि कोणाबरोबर बसणार, एवढं कागदावर लिहून काढा. उत्तर आपोआप समोर येतं.

दुसरा प्रकार असा लिहून बघा. दोन वेळा स्नॉर्कलिंग म्हणजे दोन वेळा बोट प्रवाळाजवळ नांगर टाकून डुलत उभी. सासूबाई बोटीवर. धाकटी बोटीवर, कारण तिथे पाय टेकत नाहीत, आणि टेकत असतील तिथेही प्रवाळावर उभं राहायचं नसतं. मुलगा समुद्रात पहिल्यांदाच, त्याच्याबरोबर बाबा हवेतच. उरलात तुम्ही, बोटीवर दोघींना सांभाळत आणि सासरे पाण्यात उतरू नयेत म्हणून त्यांची समजूत घालत. तेही दोनदा.

सासऱ्यांचं मी गंभीरपणे सांगतोय. स्नॉर्कलिंग निवांत दिसतं, पण नळीतून श्वास ओढायला जोर लागतो, त्यात पोहण्याचे श्रम. हवाईत स्नॉर्कलिंगच्या अपघातांचा अभ्यास झाला. त्यात असं दिसलं, की काही जणांच्या फुप्फुसांत अचानक पाणी साचतं, दम लागतो, हातपाय गळतात, आणि हे आरडाओरडा न होता घडतं. हृदयाचा त्रास असलेल्यांना हा धोका जास्त. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क ‘सोपे’ म्हणून विकतात, त्यांच्या वाटेला तर कोणीच जाऊ नका. सासऱ्यांनी सँडबारवर उभं राहून स्टिंगरे बघावेत, तेही त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारून. स्नॉर्कलिंग नको.

म्हणून मी तिसरा प्रकार घेईन. सँडबारवर सासूबाई सोडून सगळे उतरू शकतात, आणि बोटीची शिडी चांगली असेल तर त्याही बाबांचा हात धरून थोडा वेळ उतरतील. स्नॉर्कलिंग एकदाच: बाप-लेक गाइडबरोबर, दोघांना फुगवायचं व्हेस्ट, बाकीचे बोटीवर. एवढा वेळ निभतो. शेवटचा स्टारफिश पॉइंट तर आजी आणि नातीसाठीच आहे. पाणी उथळ, वाळू मऊ, तळाशी मोठाले तारामासे. त्यांनाही पाण्याबाहेर काढायचं नाही. ते पाण्यातूनच श्वास घेतात, फोटोपुरतं उचलणंही त्यांना घातक. वाकून बघायचे.

बुक करण्याआधी तीन गोष्टी विचारा. बोटीवर किती माणसं, प्रत्येक थांब्यावर प्रत्यक्ष पाण्यात किती वेळ, आणि बोटीवर शौचालय आणि सावली आहे का. सहलीचे जे तास छापलेले असतात त्यांतला बराचसा वेळ टेंडर, बस आणि बोटीच्या प्रवासात जातो. त्या दिवशी बंदरात किती जहाजं आहेत ते केमनच्या बंदर प्राधिकरणाच्या वेळापत्रकात दिसतं. जास्त असतील तर सकाळची पहिली बोट घ्या, नंतर सँडबारवर खूप गर्दी होते.

मुलासाठी नंबरचा मास्क इथूनच घेऊन जा. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर माप बरोबर. बाबांना मिशी असेल तर तिथून पाणी शिरतं, वरच्या ओठावर थोडं व्हॅसलीन लावावं. मुलाला पूलमध्ये नळी घालून पोहायची सवय करा, आणि नळीत पाणी गेलं तर जोरात फुंकून बाहेर काढायची. समुद्रात हे पहिल्यांदा शिकायला लावू नका.

पोहण्याचे काका

---

काका, भाऊ आणि आमचा विद्यार्थी मित्र, तिघांचेही मनापासून आभार.

काकांनी सांगितलं तसं काल रात्री कागद घेऊन बसले. दुसरा प्रकार पाच मिनिटांत बाद झाला. तिसरा घेतोय, जहाजाकडूनच, सकाळचा. मुलाला विद्यार्थी मित्राची मेल वाचायला दिली. त्याने स्वतःहून सांगितलं की तो भरवणार नाही, नुसता बघेल. सासऱ्यांना मी सांगितलं असतं तर पटलं नसतं, काकांची मेलच वाचून दाखवली. थोडे हिरमुसले, पण डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

एकच शंका राहिली. बोट प्रवाळाजवळ उभी असताना सासूबाईंना मळमळेल का? बसमध्येही त्यांना त्रास होतो.

---

ताई,

होईल असं धरूनच चला. चालत्या बोटीपेक्षा थांबून डुलणाऱ्या बोटीवर जास्त मळमळतं. गोळी त्रास सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, बोटीत बसायच्या बऱ्याच आधी घ्यावी लागते. कुठली घ्यायची ते सासऱ्यांच्या डॉक्टरांच्या भेटीतच विचारून घ्या, सासूबाईंना रक्तदाबाची वगैरे औषधं असतील तर तेही सांगा. बोटीवर त्यांना मागच्या बाजूला, मोकळ्या हवेत बसवा आणि नजर किनाऱ्यावर ठेवायला सांगा. डिझेलचा धूर येत असेल तर जागा बदला. फोनमध्ये बघत बसू देऊ नका.

मुलाचा मास्क आला की शनिवारी सकाळच्या वर्गाला घेऊन या. मी माप बघतो आणि नळी कशी साफ करायची तेही करून घेतो. बाबांनाही आणा, दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवून पोहायचा सराव आधी झालेला बरा.

काका